चोवीस विरुद्ध शून्य

निकाल आला तेव्हा रत्नाकर खराडे मैनाच्या थालीपीठावर लोण्याचा गोळा ठेवत होते.

"तू पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेवढं ठरव," ते म्हणाले. "मतदान म्हणजे नुसता उपचार गं. आमची औदुंबर सोसायटी म्हणजे काय ऐऱ्यागैऱ्यांची वाटली काय तुला?"

मोबाईल किणकिणला. खराड्यांना काहीही मोठ्यानं वाचायची सवय. पेपरातला अग्रलेखसुद्धा ते बायकोला ऐकवल्याशिवाय सोडत नसत. तसंच त्यांनी हेही वाचलं, अगदी हौसेनं.

"सदनिका क्रमांक सतरा डॉक्टर मैना काळे यांना भाड्याने देण्यास मंजुरी. ठरावाच्या बाजूने शून्य. विरुद्ध चोवीस. ठराव नामंजूर."

वाचून झाल्यावर ते हसले. "छापताना उलटं पडलंय बघ. चोवीस बाजूने आणि..."

"काका," मैनानं विचारलं, "तुमच्या सोसायटीत घरं किती?"

"चोवीस."

"आणि मतं?"

"घरटी एक," खराडे म्हणाले आणि त्यांचा हात लोण्याच्या वाटीतच राहिला.

गुप्त मतदान होतं ते. कुणी काय मत दिलं हे देवालाही कळू नये अशी व्यवस्था होती. पण शून्यापुढे कसली आली गुप्तता? चोवीसच्या चोवीस विरोधात म्हटल्यावर नावं वाचायची गरजच काय? तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं तरी नंदिनीताई उलथनं हातात धरून तशाच उभ्या. नवऱ्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "अहो, म्हणजे तुमचंही विरोधातच पडलं की."

मैनानं ताटलीतला उरलेला तुकडा नीट संपवला. अन्न टाकायची तिला सवय नव्हती. मग हात धुऊन ती म्हणाली, "आरोहीला शाळेतून आणायचंय," आणि गेली. खराड्यांना उठून दारापर्यंतही जाता आलं नाही. 

आता ही गोष्ट दोन हजार बेचाळीस सालची. तेव्हा सोसायट्यांमध्ये मत माणसं देत नसत, सावल्या देत. त्याला कारण आपलीच माणसं. सर्वसाधारण सभेची नोटीस लागायची, खुर्च्या मांडल्या जायच्या, आणि यायचे कोण? चेअरमन, सेक्रेटरी आणि चहावाला. मग 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी' असं लिहायचं आणि त्याच तीन टाळक्यांनी अर्ध्या तासानं सगळं मंजूर करायचं. आपल्याकडे ही रीत इतकी मुरलेली, की लोक ती अर्ध्या तासाची चहाची सुट्टीच समजायचे. अखेर सरकारनं कायदा केला: सोसायटीनं तसं ठरवलं, तर सभेऐवजी सभासदांच्या सावल्यांनीच मत द्यावं.

सावली म्हणजे भूतबीत काही नाही. प्रत्येक सभासदानं मोबाईलवर किंवा टीव्हीवर एक व्हिडिओ गेम निदान वीस तास खेळायचा. प्रश्नावली पुढ्यात ठेवली की माणूस शहाण्यासारखी उत्तरं देतो. जात मानता का, तर 'छे छे'. खेळात मात्र पाणी चढत असतं, घड्याळ पळत असतं, शहाणपणाला सवडच नसते. बोट कुठे पटकन पडलं, कुठे पाव सेकंद अडखळलं, डोळा कोणावर किती वेळ रेंगाळला, संकटात आधी कुणाला हात दिला, अशा हजारो बारीक नोंदींवरून संगणक त्या माणसाची निर्णय घेण्याची एक प्रतिकृती घडवतो. तिला विचारलं, 'तुमच्या शेजारी अमुक राहायला आलेलं चालेल का?' की ती तुमच्यासारखं उत्तर देते. म्हणजे तुम्ही बोलता तसं नाही. तुम्ही वागता तसं.

सांगलीतल्या औदुंबर सोसायटीत ही पद्धत आणली कुणी? आणखी कोण, खराड्यांनीच! दूध संघाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दुधातलं पाणी ओळखलेला माणूस. सामाजिक प्रश्नांवर यांचं मत नाही असा प्रश्न नाही. संपादकांना पाठवलेली पत्रं एका फायलीत मावेनात म्हणून दुसरी केलेली. त्यातली अकरा पत्रं नुसती पारधी समाजावर: चोरी कुणीही करो, पोलीस आधी पालावर जातात, हा कुठला न्याय, म्हणून. "तोंड खोटं बोलतं हो, बोट खोटं बोलत नाही," असं म्हणून त्यांनीच सभेत ठराव मांडला होता.

खेळ त्यांनी निवडला 'महापूर'. सांगलीकरांना पूर काय शिकवायचा! दोघांनी मिळून एक बोट चालवायची. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं छपरांवर, झाडांवर अडकलेल्या लोकांना वर ओढायचं. कायदा म्हणतो वीस तास, खराडे दोनशे बारा तास खेळले होते. वेडच लागलं त्यांना. आणि त्यांची जोडीदार होती मैना, दूध संघाची पशुवैद्य. ती सुकाणूवर, हे वर ओढायला. जिल्ह्यात त्यांची जोडी चौथी होती. पोटची पोर नसलेल्या खराड्यांना तिनं 'काका' म्हटलं की दिवस गोड जायचा.

मैनाचं दूध संघाचं क्वार्टर पाडायला काढलेलं. महिनाअखेर घर सोडायचं होतं, पदरात तिसरीतली आरोही, नवरा वारलेला. चार ठिकाणी तिला नकार आलेला. कुठे 'भावाचा मुलगा येतोय राहायला', कुठे 'रंगकाम काढलंय'. म्हणून खराड्यांनी सतरा नंबरच्या सोमणांना नाशिकला फोन लावला, ते आनंदानं तयार झाले, आणि प्रश्न उरला तो फक्त सोसायटीच्या मंजुरीचा.

त्या मंजुरीला कुणाची दृष्ट लागली ते शोधायला खराडे जिना उतरले. चपला उलटसुलट घातलेल्या.

सेक्रेटरी पद्मजा इनामदार दारातच भेटल्या. "मला तर बाई धक्काच बसला," त्या म्हणाल्या. "मी शंभर टक्के बाजूने हो! कोण गेलं विरोधात, देव जाणे."

"बाई, शून्य मतं आहेत बाजूने. शून्य!"

"तेच म्हणते मी. काय एकेक लोक असतात!"

खालच्या मजल्यावर चेअरमन मगदूमअण्णा झाडांना पाणी घालत होते. "आवो खराडे, आपली दारं सगळ्यास्नी उघडी," ते म्हणाले. "माझं मत म्हंजे पोरीच्याच पारड्यात. कुणीतरी आतनं काडी केली बगा." दहा नंबरवाले, एकवीस नंबरवाले, सगळे बाजूने. नाशिकहून सोमणांचा फोन आला. घर त्यांचं, भाडेकरू त्यांनी पसंत केलेला, आणि त्यांच्याही सावलीनं नको म्हटलेलं! "यंत्रच बिघडलंय, खराडे," सोमण म्हणाले. चोवीस माणसं बाजूने आणि ठराव शून्य मतांनी पडलेला. असा चमत्कार सांगलीनं पाहिला नव्हता.

खराडे घरी परतले तशा इनामदारबाई वर आल्या, एक कागद घेऊन. "राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण हे तुम्ही अर्जाला जोडलं नसतंत, तर आम्हाला काय कळणार होतं? काळे काय, कुठल्याही जातीत असतात."

खराड्यांचं शिफारसपत्र होतं ते. पहिलीच ओळ: 'पारधी समाजासारख्या उपेक्षित समाजातून आलेली ही कर्तबगार कन्या'. किती झोकात लिहिली होती! मैना तेव्हा म्हणाली होती, "काका, ते समाजाचं नको. पशुवैद्य आहे, एवढं पुरे." तर यांनी तिलाच समजावलं, "लपवायचं कशाला? अभिमानानं सांगायचं!" सावल्यांनी ते पत्र वाचलं होतं. अभिमान जाऊ दे तिकडे, त्यांनी फक्त 'पारधी' तेवढं उचललं.

स्वतःच्या सावलीचा खुलासा मागण्याचा हक्क खेळणाऱ्या प्रत्येकाला कायद्यानंच दिलेला. खराड्यांनी तो त्याच दुपारी मागितला. सिद्धच करायचं होतं त्यांना की यंत्र चुकलं. नंदिनीताईंना शेजारी बसवलं आणि मोठ्या टीव्हीवर खुलासा लावला.

खेळात बोटीत येणाऱ्या प्रत्येकाजवळ एक गाठोडं असायचं. त्यात कधी विळा निघायचा, कधी सुरी, आणि रबरी बोटीला ती टोचली तर सगळेच बुडायचे. म्हणून वर ओढणाऱ्याला एक निळं बटण दिलेलं: 'गाठोडं उघडा'. दाबलं की तीन सेकंद जायचे. दाबायचं की नाही, ज्याची त्याची मर्जी. विळा कुणाच्या गाठोड्यात टाकायचा हे यंत्र नाणं उडवल्यासारखं ठरवायचं, त्यात घर बघायचं नाही.

पडद्यावर आकडे आले. स्लॅबच्या आणि कौलारू घरांवरून खराड्यांनी सहाशे चाळीस माणसं वर ओढली होती. गाठोडी उघडली एकतीस.

गावाबाहेरच्या पालांवरून ओढली दोनशे तीन. उघडली एकशे अठ्ठ्याऐंशी.

"काहीतरीच!" खराडे ओरडले. "पालवाल्यांची गाठोडी मोठी असतात. जड असतात!"

यंत्रानं ओळ दाखवली: सर्व गाठोडी आकाराने व वजनाने समान.

मग चित्रफीत सुरू झाली. बोटीत हिरव्या टोपीतली मैना सुकाणूवर, आणि लाल टोपीतले ते स्वतः. वाड्याच्या गच्चीवरून एक जाड्या उतरला, गाठोड्यासकट. लाल टोपीनं त्याला हात देऊन बसवला. पालावरून एक म्हातारी आली. थांब. गाठोडं उघड. तीन सेकंद. चिंध्या. बस. एक लेकुरवाळी आली. थांब. उघड. भाकरी. बस. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. एका फेरीत गाठोडं उघडून बघेपर्यंत लाट आली आणि कडेला ताटकळलेला म्हातारा पाण्यात गेला. ती फेरी खराड्यांना चांगली आठवत होती. 'सात गुण गेले की गं!' असं ते तेव्हा मैनाला म्हणाले होते.

आपण असे आहोत? बोट माझं, हात माझा, आणि मला पत्ता नाही? अकरा पत्रं लिहिणारा कोण मग? तोही आपणच की. आणि त्या प्रत्येक वेळी हिरवी टोपी शेजारी बसून बघत होती.

"बंद करा हो ते," नंदिनीताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैनाच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोड्यात एक म्हैस अडकवलेली आणि मैना तिचं वाढलेलं खूर कातरत होती. खराड्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, आकड्यांसकट. सांगताना मान वर झाली नाही.

"माहीत होतं," मैना म्हणाली.

"काय?"

"गाठोड्यांचं. तिसऱ्या फेरीपासून माहीत होतं."

खराडे मट्कन बाकावर बसले. "मग बोलली का नाहीस? दोनशे तास, मैना! माझ्या शेजारी बसून!"

"तुमच्याआधी मी सहा जणांबरोबर खेळले, काका. तेव्हा सुकाणू त्यांच्याकडे असायचं." तिनं खुराचा तुकडा बादलीत टाकला. "ते पालांकडे बोटच वळवायचे नाहीत. तुम्ही निदान गाठोडं तपासून का होईना, आत घेत होता. मी म्हटलं, त्यातल्या त्यात हा माणूस बरा."

त्यातल्या त्यात बरा. एवढी शिवी खराड्यांना जन्मात कुणी दिली नव्हती, आणि ती शिवी नव्हती हेच वाईट होतं.

"माझीही सावली मी बघितली काल," मैना पुढे म्हणाली. "सुकाणू माझ्या हातात होतं ना? मी पालं नेहमी सगळ्यांत शेवटी घ्यायची. दरवेळी. बघणाऱ्यानं म्हणू नये, की हिनं आपल्यांनाच आधी वाचवलं." म्हैस हलली, तशी तिनं तिच्या पाठीवर थाप दिली. "तुम्ही एकटेच नाही. सोडा ते. घराचं काही होतंय का बघा. एकोणीस दिवस उरलेत."

खराडे पेटले. कायद्यात एक वाट होती: सावल्यांचा निकाल मान्य नसेल, तर सभासदांनी स्वतः हजर राहून, उघड हात वर करून फेरमतदान घ्यायचं. खराड्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. आणि प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "शून्य मतं पडलीत. म्हणजे तुमचंही विरोधात आणि माझंही. मी माझी चित्रफीत बघितली. तुम्हीही आपापली बघा." काहींनी बघितली असावी. कारण मगदूमअण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि इनामदारबाई जिन्यात भेटल्या की खाली बघून जायच्या.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. सोसायटीच्या जन्मात पहिल्यांदा गणपूर्ती झाली! चोवीस घरं, चोवीस माणसं. सोमण नाशिकहून आलेले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कुणी स्कूटरवर टेकलेलं. पहिल्या रांगेत मैना बसलेली, शेजारी आरोही, दोन वेण्या घालून.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," मगदूमअण्णा म्हणाले.

खराड्यांचा हात झेंड्यासारखा वर गेला. मग सोमणांचा. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. माना वळल्या, डोळ्यांना डोळे भिडले, आणि एकेक करत हात वर जायला लागले. इनामदारबाईंचा गेला, दहा नंबरचा गेला, एकवीस नंबरचा गेला. मैनासमोर हात खाली ठेवायची हिंमत कुणाची होती? चोवीस विरुद्ध शून्य. या वेळी बाजूने.

टाळ्या झाल्या. सोमणांनी तिथल्या तिथे सतरा नंबरची किल्ली मैनाच्या हातात दिली आणि अण्णा म्हणाले, "डॉक्टर, दोन शब्द बोला की."

मैना उठली. "आभारी आहे," ती म्हणाली. "घर मिळालं, माझ्या मुलीची शाळा सुटणार नाही. एक विनंती आहे फक्त. ही सावलीची पद्धत बंद करू नका. दर वर्षी माझ्याबद्दल तिला विचारा आणि जो आकडा येईल तो मला सांगा. शून्य आला तरी चालेल, मला शून्याची सवय आहे. पण एखाद्या वर्षी एक येईल. पुढे दोन येतील. मला ते कळायला हवं. आरोहीला एकटीला घरात ठेवून कामावर जाताना, मी नक्की किती जणांच्या भरवशावर ठेवून जाते, एवढं तरी."

स्कूटरवर टेकलेला माणूस सरळ उभा राहिला.

इनामदारबाई घाईघाईनं पुढे आल्या. "त्याचं असं आहे," त्या वहीत बघत म्हणाल्या, "आयत्या वेळच्या विषयात तोच ठराव आलाय. या यंत्रापायी गैरसमज फार होतात. चांगल्या माणसांना उगाच मनस्ताप. तेव्हा सावली पद्धत आजपासून बंद करावी, आणि आजवरच्या सगळ्या नोंदी, चित्रफिती पुसून टाकाव्यात. बाजूने कोण?"

चित्रफिती पुसल्या जाणार! खराड्यांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. लाल टोपी, म्हातारी, पाण्यात गेलेला तो म्हातारा, कुणाला कधी दिसणार नाही. मग त्यांना जाग आली. छे, हे काय चाललंय? आत्ताच मागितलं ना पोरीनं? विरोध करायलाच हवा! उठून चांगलं खडसावायचं म्हणून ते बघायला लागले, किती हात वर आहेत ते. पहिली रांग, दुसरी रांग, खांबाजवळचे, स्कूटरजवळचे. तेवीस मोजून झाले.

"चोवीस," इनामदारबाई म्हणाल्या. "सर्वानुमते मंजूर," आणि त्यांनी वहीत लिहूनही टाकलं.

"चोवीस कसे? तेवीसच आहेत की!" खराडे ओरडले.

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मैनाही बघत होती, पण त्यांच्या तोंडाकडे नाही. त्याच्या जरा वर. खराड्यांनी मान वर केली. डोक्यावर, सगळ्यांच्या हातांपेक्षा वीतभर उंच, त्यांचा स्वतःचा उजवा हात उभा होता.

तो कधी वर गेला, आईची शपथ, त्यांना कळलं नव्हतं.

"मैना," ते म्हणाले. त्यांनी हात खाली ओढला. "मैना, अगं मी आत्ता... थांब, मी बोलतो त्यांच्याशी..."

मैनानं किल्ली पर्समध्ये टाकली आणि आरोहीचं बोट धरलं.

"राहू द्या," ती अगदी शांतपणे म्हणाली. "घर मिळालं. तेवढ्यासाठीच आले होते मी, खराडेसाहेब."